दुपारी चारला मान टाकणारा फोन

पत्र थोडक्यात असं: वय ४१, संगमनेरला राहतो, औषध कंपनीत एमआर, म्हणजे डॉक्टरांना भेटून औषधांची माहिती देणारा प्रतिनिधी आहे. आठवड्यातले दोन दिवस अकोले, राजूर, कोतूळ, बाकी संगमनेर-सिन्नर, महिन्यातून दोनदा नाशिक, सगळं बाइकवर. सकाळी आठला १०० टक्के चार्जिंग करून निघतो, दुपारी साडेतीन-चारला १५ टक्के. कंपनीचं रिपोर्टिंग अ‍ॅप दिवसभर लोकेशन घेतं, डॉक्टरांच्या दवाखान्यात उभं राहूनच कॉल, म्हणजे भेटीची नोंद टाकावी लागते, आणि डीसीआर (दिवसभराच्या भेटींचा रिपोर्ट) त्याच दिवशी भरला नाही तर दिवस रजेत जातो. ऑगस्टमध्ये राजूरहून येताना फोन बंद पडला, पेट्रोल संपत आलेलं, खिशात रोख ३० रुपये. पंपावरच्या पोरानं तोंडओळखीवर दोनशेचं पेट्रोल घातलं. घरी पोचेपर्यंत डीसीआरची वेळ टळली, एक रजा गेली. फोन अडीच वर्षांचा, बॅटरी ५००० एमएएचची. अकरावीतला मुलगा म्हणतो ८० हजारांचा फ्लॅगशिप, म्हणजे कंपनीचा वरच्या दर्जाचा फोन घ्या ईएमआयवर. सोबतचा एमआर म्हणतो ७००० एमएएचवाला घे, बाकी काही बघू नको. बायको म्हणते बटणाचा फोन घ्या आणि शांत राहा. मला स्वतःला वाटतं हल्लीच्या फोनमध्ये नको ती हजार फीचर्स कोंबलीत आणि तीच बॅटरी खातात. काय करू? सोबत बॅटरी वापराच्या स्क्रीनचा फोटो पाठवतोय.

नमस्कार दादा,

तुमचं पत्र वाचून आधी हसू आलं आणि मग वाईट वाटलं, हसू वहिनींच्या सल्ल्याला आणि वाईट त्या गेलेल्या रजेचं. पण पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही शेवटी जाता जाता जोडलीये, तो स्क्रीनचा फोटो. लोक मला चार-चार पानं लिहितात पण हा फोटो कोणी पाठवत नाही, आणि त्याच्याशिवाय काहीही सांगणं म्हणजे पेशंट न बघता फोनवर गोळी सांगण्यासारखं आहे, हे तुम्हाला मी काय सांगणार.

तर तो फोटो मी मोठा करून बघितला. सकाळी आठ ते दुपारी चार, स्क्रीन चालू ६ तास १० मिनिटं. मॅप २४ टक्के. रिपोर्टिंग अ‍ॅप १७. मोबाईल नेटवर्क १६. व्हॉट्सअ‍ॅप १३. रील्स ११ (हे पत्रात नव्हतं हं दादा, असू दे). आणि खाली पार तळाशी, कॅमेरा, १ टक्का.

आता तुमचं म्हणणं परत वाचा. नको ती फीचर्स कोंबलीत, तीच बॅटरी खातात. त्या यादीत ती कुठं आहेत? तुमच्या फोनला मागे तीन कॅमेरे आहेत, चेहरा बघून लॉक उघडतं, फोटोतला माणूस पुसून टाकायची सोय आहे, आणखी काय काय असेल जे तुम्ही कधी उघडलंही नाही. पण न उघडलेलं फीचर बॅटरी जवळजवळ खात नाही. बंद ठेवलेला पंखा बिल वाढवत नाही. तुमची बॅटरी खातंय ते तुमचं काम. पडदा, लोकेशन, टॉवरशी चाललेली झटापट आणि ऊन. उद्या तुम्ही ८० हजारांचा घ्या नाहीतर १२ हजारांचा, हे चौघं तुमच्यासोबत बाइकवर मागे बसणारच आहेत.

म्हणजे फीचर्स अगदीच निर्दोष आहेत असं नाही. काही फीचर्स झोपतच नाहीत, तेवढी शोधायची. फोन बाजूला ठेवल्यावरही घड्याळ दाखवत राहणारी स्क्रीन, हाक मारली की उठणारा असिस्टंट, हलणारा वॉलपेपर, आणि लॉक स्क्रीनवर दर वेळी नवा फोटो नि नवी बातमी आणून टाकणारं ते प्रकरण. गंमत अशी की ही शेवटची कटकट महागड्या फोनपेक्षा स्वस्त फोनमध्येच जास्त असते, कारण स्वस्त फोनचा थोडा खर्च जाहिरातीतून आणि आधीच घालून दिलेल्या अ‍ॅपमधून काढलेला असतो. त्यामुळे साधा फोन घेतला की फीचर्सचा गोंधळ कमी होईल हे बाजारात बहुतेक वेळा उलटंच निघतं. स्वस्तात घ्याल तर पहिली संध्याकाळ नको ती अ‍ॅप काढण्यात जाणार हे धरून चाला.

आणि १२० हर्ट्झ. पडदा सेकंदाला १२० वेळा नव्यानं रंगवला जातो म्हणून सरकवताना लोण्यासारखा वाटतो. डीसीआर भरायला लोणी लागत नाही. सेटिंगमध्ये डिस्प्लेत जाऊन ६० करा, दोन दिवस डोळ्याला जरा खटकेल, मग विसराल.

आता मॅप. ह्याच्यावर मी जरा अडून बसणार आहे. तुम्ही लिहिलंय की बारा वर्षं हाच एरिया करताय. मग संगमनेरहून अकोल्याला जायला मॅप कशाला लागतो? माझा अंदाज असा की तो सवयीनं लागतो, मोबाईल होल्डरमध्ये बसवला की बोट आपोआप तिकडे जातं, आणि समोर काहीतरी निळं सरकताना दिसलं की बरं वाटतं. मलाही वाटतं, मी तर स्वतःच्या माहेरी जाताना लावते. पण बाइकवर हा फार महाग पडतो, कारण उन्हात दिसावं म्हणून ब्राइटनेस पूर्ण वर गेलेला असतो, जीपीएस सतत चालू, नेट चालू, आणि वरून ऊन फोनला भाजतंय. नवीन दवाखाना शोधायचा असेल तेव्हा जरूर लावा, तेही शेवटचे दोन किलोमीटर, आणि कानात एक इअरफोन घालून पडदा बंद ठेवून. अँड्रॉइडवर पडदा बंद असला तरी बाई बोलत राहते, डावीकडे वळा उजवीकडे वळा. राजूर-कोतूळकडचा नकाशा घरच्या वायफायवर आधीच डाउनलोड करून ठेवा म्हणजे रेंज नसताना तो वाट बघत बसणार नाही.

डार्क मोडबद्दल सगळे विचारतात म्हणून इथंच सांगून टाकते. ओलेड पडदा असेल तरच त्याचा फायदा, कारण ओलेडमध्ये काळा ठिपका म्हणजे बंद ठिपका. एलसीडीत मागचा दिवा तसाच जळत असतो. अमेरिकेतल्या परड्यू विद्यापीठानं २०२१ मध्ये हे मोजलं होतं. घरात आपण ठेवतो तशा ३०-५० टक्के ब्राइटनेसवर डार्क मोडनं वाचली फक्त ३ ते ९ टक्के वीज, पण पूर्ण ब्राइटनेसवर ३९ ते ४७ टक्के. म्हणजे सोफ्यावर बसणाऱ्याला डार्क मोड ही फॅशन आहे आणि भर दुपारी रस्त्यावर असणाऱ्या तुम्हाला ती कमाई आहे. मॅपलाही डार्क करा.

मग ते नेटवर्कचे १६ टक्के. हे बहुतेकांना माहीतच नसतं. टॉवर लांब असला की फोन ओरडून बोलतो, आपण पलीकडच्या डोंगरावरच्या माणसाला हाक मारताना ओरडतो तसं, आणि ओरडायला ताकद लागते. अकोल्याच्या पुढं डोंगर सुरू झाले की एक दांडी, दोन दांड्या, गेली, आली, ह्यातच फोन दमतो. त्यात ५जी चालू. आपल्याकडे ५जी ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं आणि एअरटेलनं ते ४जीच्या खांद्यावर उभं केलं, म्हणजे फोनला दोन्हीकडे हात धरून राहावं लागतं. जिओचं ५जी स्वतंत्र आहे पण सिग्नल तुटक असेल तर शोधाशोध तिथंही आलीच. डीसीआर भरायला आणि यूपीआयला ४जी पुरून उरतं. त्या दोन दिवसांपुरतं नेटवर्क ४जीवर टाका. आणि दुसरं सिम ज्याला राजूरला रेंजच नसते ते तिथं बंद ठेवा, नाहीतर ते बिचारं दिवसभर न सापडणारा टॉवर शोधत बसतं.

अ‍ॅप बंद करण्याबद्दल एक. तुम्ही लिहिलंय की दर अर्ध्या तासानं सगळी अ‍ॅप वर सरकवून साफ करता. नका करू. त्यानं बॅटरी वाचत नाही, उलट तेच अ‍ॅप परत शून्यातून उघडताना जास्त जाते. झोपलेल्याला झोपू द्यावं. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र एक करा, ग्रुपचे फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा. स्टॉकिस्टचा (औषधांच्या ठोक विक्रेत्याचा) ग्रुप, कंपनीचा ग्रुप, दहावीचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, सकाळच्या गुलाबांनी एक-दीड टक्का तरी जातोच जातो.

आता त्या १७ टक्क्यांवर येते, रिपोर्टिंग अ‍ॅप. इथं मला तुमच्या पत्रातली एक गोष्ट टोचली. तुम्ही फोन तुमचा, रिचार्ज तुमचा, चार्जिंग तुमचं, आणि त्याच्यावर दिवसभर चालणारी पाळत कंपनीची, हे असं लिहिलंय जणू पाऊस पडतो तसंच हेही. फोन घेऊ का हा प्रश्न तुम्ही मला विचारताय, पण कामाचं हत्यार कोणी द्यायचं हा प्रश्न कुणालाच विचारलेला नाही. निदान एरिया मॅनेजरला एक मेल टाका, तोंडी नाही, मेल. अमुक तारखेला राजूर भागात रेंज नव्हती, अमुक वाजता फोन बंद पडला, डीसीआर रात्री भरायची मुभा मिळावी आणि मोबाईल भत्त्यात बॅटरी किंवा पॉवर बँकचा खर्च धरावा. रेंज नसताना ऑफलाइन एन्ट्री घेऊन नंतर अपलोड करायची सोय अशा बऱ्याच अ‍ॅपमध्ये असते, तुमच्यात आहे का आणि चालू केलीये का ते विचारा. एमआर लोकांचा जो देशपातळीवरचा महासंघ आहे, एफएमआरएआय, तो ह्या इलेक्ट्रॉनिक पाळतीविरुद्ध बोलतच असतो, तुमच्या युनिटमध्ये कोणी ओळखीचा असेल तर त्यालाही कळवा. रजा परत मिळेल की नाही माहीत नाही पण दुसरी जाऊ नये.

आणि एक धोक्याची सूचना. बॅटरी वाचवायच्या नादात ह्या एका अ‍ॅपचं बॅकग्राउंड बंद करू नका. काही कंपन्यांचे फोन स्वतःच फार शहाणपणा करतात, मागे चालणारं अ‍ॅप न विचारता मारून टाकतात, मग तुमचं लोकेशन तुटतं आणि तिकडून फोन येतो की साहेब तुम्ही दोन तास कुठं होतात. सेटिंगमध्ये ह्या अ‍ॅपला बॅटरीची बंधनं काढून टाका, बाकी सगळ्यांना लावा.

अडीच वर्षांच्या फोनबद्दल आता, म्हणजे मूळ मुद्दा. लिथियम बॅटरी कॅलेंडरवर म्हातारी होते आणि सायकलवरही. एक सायकल म्हणजे एकूण १०० टक्के वापर, मग तो एकदम केलेला असो की दोन वेळा अर्धा-अर्धा. तुम्ही रात्री एकदा फुल करता आणि दुपारी स्टॉकिस्टच्या काउंटरवर ४० टक्के भरता, म्हणजे दिवसाला साधारण १.४. वर्षाचे ३०० कामाचे दिवस धरले तर अडीच वर्षांत हजाराच्या वर सायकली झाल्या. युरोपात जून २०२५ पासून नियम आहे की ८०० सायकलीनंतर बॅटरीत निदान ८० टक्के दम शिल्लक पाहिजे. तुम्ही तो टप्पा कधीच ओलांडलाय, आणि तेही बाइकच्या होल्डरवर, मे महिन्याच्या उन्हात. ॲपल स्वतः सांगते की फोन ३५ डिग्रीच्या आत वापरा. आपल्याकडे मार्चपासूनच तो नियम मोडायला सुरुवात होते. तेव्हा तुमच्या फोनमध्ये ५००० एमएएच नाहीयेत, ४००० च्या खाली असतील. डबा तोच आहे, भाजी कमी झाली.

२०१७ च्या डिसेंबरात ॲपलनं कबूल केलं होतं की बॅटरी म्हातारी झालेले आयफोन आम्ही मुद्दाम हळू करतो, फोन अचानक बंद पडू नये म्हणून. लोक भडकले, मग कंपनीनं बॅटरी बदलायचा दर भारतात ६५०० वरून २००० केला, आणि कितीतरी जण जे नवा फोन घ्यायला निघाले होते त्यांचा जुनाच फोन नव्यासारखा पळायला लागला. त्यातून आपण शिकायला पाहिजे होतं, शिकलो नाही, अजूनही फोन हळू झाला की दुकानात जाऊन आधी नवीन मॉडेल हातात घेऊन बघतो.

म्हणून माझं पहिलं सांगणं, आधी अधिकृत सर्व्हिस सेंटरला जाऊन बॅटरी तपासा आणि बदला. नाशिकला जाताच आहात. माझ्या अँड्रॉइडला १९०० रुपये लागले होते, तुमच्या मॉडेलला थोडं इकडे तिकडे. अधिकृत म्हणते त्याला कारण आहे. आधी मी गल्लीतल्या दुकानात ७०० रुपयात बदलली होती, एकदम ओरिजिनल मॅडम म्हणून. पाच महिन्यांनी एक दिवस फोन टेबलावर ठेवला तर तो गोल गोल फिरायला लागला. मला आधी मजा वाटली. मग आडवा धरून बघितला तर मागचं कव्हर मधोमध वर आलेलं, पुरी टम्म फुगते तसं, आणि कडेला काळी फट, त्या फटीतून आतली चंदेरी पिशवी दिसत होती. ती पिशवी टोचली किंवा दाबली तर पेट घेऊ शकते. कोणाचाही फोन असा टेबलावर डुगडुगायला लागला तर त्याच क्षणी चार्जिंग बंद, फोन बंद, आणि थेट सर्व्हिस सेंटर. त्याला दाबून बसवायचा प्रयत्न तर अजिबात नाही.

आता समजा तपासून कळलं की फोनला आणखी वर्षभराचे अपडेट नाहीत, बॅटरी मिळत नाही, नवाच घ्यायचाय. तर तुमचा मित्र बरोबर आहे की मुलगा? मला मित्राकडे झुकावंसं वाटतं, पण त्याचं ‘बाकी काही बघू नको’ हे चुकीचं आहे.

२०२० मध्ये सॅमसंगनं आपल्याकडे ७००० एमएएचचा एम५१ आणला होता, २१३ ग्रॅम, साडेनऊ मिलिमीटर जाड, खिशात वीट ठेवल्यासारखा. २०२५ च्या एप्रिलमध्ये आयक्यू कंपनीचा झेड१० आला ७३०० चा, तो १९९ ग्रॅम आणि आठ मिलिमीटरच्या आत. मधल्या काळात झालं काय, तर बॅटरीत ग्रॅफाइटच्या जोडीला सिलिकॉन घातलं गेलं. सिलिकॉनमध्ये लिथियम कितीतरी जास्त मावतं, पण भरताना ते भयंकर फुगतं, म्हणून त्याला कार्बनच्या जाळीत कोंडून बसवायचं, ती युक्ती जमली. आणि दुसरीकडे बघा, त्याच सॅमसंगचा महागडा अल्ट्रा, २०२० च्या एस२० पासून २०२५ च्या एस२५ पर्यंत ५००० वरच आहे. पडदा सुधारला, चिप काटकसरी झाली, एआय आलं, टाकी तेवढीच. म्हणजे तुमच्या मुलाला वाटतं तसं ८० हजार टाकले की बॅटरीही आपोआप मोठी येते असं काही नाही. महागड्या फोनची चिप कमी पिते हे खरं, त्यामुळे नुसता एमएएचचा आकडा लावून तुलना करायची नाही, ७००० वाला खादाड असू शकतो आणि ५००० वाला जपून खाणारा. म्हणून घेताना ज्यांनी तो फोन सहा महिने वापरलाय असा माणूस शोधा, तुमच्यासारखा फिरणारा, आणि त्याला एकच विचारा, संध्याकाळी सहाला किती उरते. पेटी उघडतानाचे व्हिडिओ बघून हे कळत नाही, त्यांचा फोन दिवसभर एसीत असतो.

आणि फ्लॅगशिप बाइकच्या होल्डरवर लावायचा तर आणखी एक. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलनं स्वतः लिहून ठेवलंय की मोटारसायकलच्या इंजिनाची थरथर हँडलवाटे सतत बसली तर आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो, कारण फोटो हलू नये म्हणून आतली भिंग अधांतरी बसवलेली असते. ज्या कॅमेऱ्यासाठी मुलगा एवढा मागे लागलाय तोच पहिला जायचा, अकोले रोडच्या खड्ड्यांत.

पण १२ हजारांचा घेऊन मोकळे व्हा असंही मी म्हणणार नाही. २०२१ ची गोष्ट आठवतेय का, आपल्याकडच्या अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाईल परत नेऊन दिले होते. २ जीबी रॅमचे फोन, त्यावर रोजची माहिती भरायचं अ‍ॅप, फोन तापायचे, अडकायचे, आणि दुरुस्तीचा भुर्दंड बायकांवर. ज्याच्या रोजच्या कामाचं अ‍ॅप जड आहे त्याला हलका फोन परवडत नाही. फोन अडकत अडकत चालतो तेव्हा पडदा जास्त वेळ चालू राहतो, तुम्ही परत परत तेच दाबता, आणि बॅटरी त्यात जाते. तुमच्यासाठी मधला माल. २० ते २५ हजारांच्या आत, ८ जीबी रॅम, ७००० च्या आसपास बॅटरी, आणि दुकानदाराला स्पष्ट विचारायचं की अपडेट किती वर्षं, आणि सर्व्हिस सेंटर सगळ्यात जवळचं कुठं. ७००० चा आणखी एक फायदा, तो अडीच वर्षांनी दमला तरी ५६०० च्या आसपास उरेल, म्हणजे तुमचा आत्ताचा फोन नवा होता तेव्हापेक्षाही जास्त.

पॉवर बँक मात्र दोन्ही बाबतीत घ्या, जुना ठेवा की नवा घ्या. आणि घेताना पाठीवरची बारीक अक्षरं वाचा. पुढे मोठ्यानं १०,००० लिहिलेलं असतं, ते आतल्या सेलचं ३.७ व्होल्टवरचं माप. बाहेर ५ व्होल्टवर देताना घट येते, म्हणून मागे ‘रेटेड कपॅसिटी’ म्हणून साडेपाच-सहा हजार असं काहीतरी छापलेलं असतं, ते खरं. तुमचा फोन त्यावर एकदा पूर्ण भरेल आणि वर थोडं. तुम्हाला तेवढं पुष्कळ झालं. ‘आर’ अक्षरानं सुरू होणारा बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी नंबर नसेल तर स्वस्त असला तरी सोडून द्या. आणि बाइकच्या डिकीत ठेवू नका, सॅम्पलच्या बॅगेत ठेवा, तुम्हीच तर केमिस्टला सांगता की औषध थंड आणि कोरड्या जागी ठेवा. फोन भरायची उत्तम वेळ म्हणजे डॉक्टरांची वाट बघताना, सावलीत, खिशात किंवा बॅगेत, पडदा बंद. तुम्ही आत्ता बाइक चालवताना यूएसबी पॉइंटवर मॅप चालू ठेवून भरता, त्यात जेवढं येतं तेवढंच जातं, आणि तापलेला फोन पुढे चार्जिंग घ्यायलाच नकार देतो. पावसात तर तो पॉइंट नकोच.

रोज १०० टक्के करू नका असं एक वाक्य सगळीकडे फिरतंय. खरं आहे, ८० पर्यंत थांबलं की बॅटरी जास्त टिकते. पण ते तुमच्यासाठी नाही, तुम्हाला पूर्ण टाकी लागते. एवढंच करा, रविवारी घरी असाल तेव्हा ८० ची मर्यादा लावा, आणि रात्रभर चार्जिंगला लावून उशीखाली ठेवू नका.

वहिनींच्या बटणाच्या फोनबद्दल. हसले खरी, पण त्यात तथ्य आहे. माझ्या वडिलांकडे नोकिया ११०० होता, २००३ चा, वर बॅटरी असलेला, म्हणजे टॉर्च हो, आणि आत बॅटरी फक्त ८५० एमएएचची. आठवड्यातून दोनदा चार्ज व्हायचा. आजच्या फोनच्या सहाव्या हिश्श्याएवढी बॅटरी आणि कितीतरी पट दिवस, कारण त्याला काम एकच होतं. तुमचा डीसीआर त्यात भरता येणार नाही, त्यामुळे स्मार्टफोनच्या जागी तो चालणार नाही. पण घरचं सिम, ज्यावर डॉक्टरांचे आणि स्टॉकिस्टचे फोन येतात, ते अशा एखाद्या दीड हजारांच्या फोनमध्ये टाकून शर्टाच्या खिशात ठेवलं तर दिवसभराचे कॉल तिकडे जातील आणि मोठा फोन नुसता कामाला राहील. बटणाच्या फोनवरून यूपीआयही होतं, २०२२ पासून १२३पे म्हणून सोय आहे, पण पंपावर मागे रांग लागलेली असताना ते बटणं दाबत बसणं माझ्यानं तरी झालं नसतं. त्यापेक्षा बाइकच्या कागदपत्रांच्या पाऊचमध्ये दोनशेच्या दोन नोटा, प्लास्टिकच्या पिशवीत, आणि त्यांना हात लावायचा नाही.

असं पत्र फक्त तुमचं नाही हो. पार्सल पोचवणारे, आशाताई, रिक्षावाले, लग्नाचे फोटोग्राफर, सगळे हेच विचारतात, आकडे वेगळे. त्यांनाही माझं हेच, एक आठवडा रोज संध्याकाळी त्या बॅटरीच्या स्क्रीनचा फोटो काढा, मग दुकानात जा. ज्याची बॅटरी गेममध्ये जाते त्याचं औषध वेगळं, ज्याची हॉटस्पॉटमध्ये जाते त्याचं वेगळं.

मुलाला एक काम द्या. ह्या रविवारी तुमचा फोन त्याच्या हातात, हा मजकूर समोर, आणि ६० हर्ट्झपासून व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत सगळं त्यानं करायचं, अकरावीतल्या पोराला पंधरा मिनिटांचं काम आहे. सोमवारी राजूरला जा, चारला परत फोटो काढा आणि मला पाठवा. २५ च्या वर असेल तर ८० हजारांचा विषय घरात काही महिने निघणार नाही. नसेल तर बॅटरी, आणि तीही बदलून भागलं नाही तरच दुकान.

आणि त्या पंपावरच्या पोराचे दोनशे रुपये परत दिलेत ना? पत्रात ते लिहायचं राहिलंय.